सही तुम्ही केलीत, म्हणून चळवळ हरली का?

पत्राचा सारांश : जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. वय चोपन्न, लग्न मे १९९३ मधले. महाविद्यालयात असताना त्यांनी हुंड्याविरुद्धच्या पथनाट्यांत काम केले, पुढे महिला मंडळ चालवले. गावात आजही त्यांना ‘स्त्रीमुक्तीवाल्या बाई’ म्हणतात. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्यात नोकरी करणारी त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी घरी आली होती. पुरणाचे मांडे ताटात असताना मामाच्या शेताचा विषय निघाला आणि मुलीने सगळ्यांसमोर विचारले, “तुमच्या चळवळीनं मिळवलं काय? तू अजून पहाटे पाचला उठतेस, आणि मामाला हक्कसोड लिहून देऊन मोकळी झालीस.” आईनेही उलट सुनावले, की तुमची चळवळ म्हणजे आडनाव बदलायचे की नाही आणि हॉटेलचे बिल कोणी भरायचे, एवढीच. चोवीस वर्षांचा मुलगा पदविका घेऊन वडिलांबरोबर केळीची शेती पाहतो. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी फिसकटल्याने तो दुखावलेला आहे. त्याच्या मते सगळे कायदे आता बायकांच्या बाजूचे झाले असून चळवळीने थांबायला हवे. यजमान काहीच बोलले नाहीत. जुलैमध्ये एका महाविद्यालयात ‘स्त्री चळवळ : साध्य आणि दिशा’ या विषयावर बोलण्याचे आमंत्रण या भगिनींना आले आहे. त्या विचारतात, “सही करून बसलेल्या बाईला तिथे बोलण्याचा अधिकार आहे का? आणि चळवळ संपली, भरकटली, की माझेच वय झाले?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली लग्नाची तारीख मी दोनदा वाचली. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला तो २२ जून १९९४ पासून, आणि त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. म्हणजे अवघ्या तेरा महिन्यांनी तुमचा हक्क हुकला. पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्न झालेली मुलगीही भावाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी, ठरली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला आणि ती अट लागू नाही असे सांगितले. तुमचे वडील २०१४ मध्ये गेले, त्यामुळे तुम्हाला त्या वादाचीही झळ नव्हती. २०१५ च्या आखाजीला माहेरी गेल्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुम्ही ज्या कागदावर सही केली, त्यातल्या मिळकतीवरचा तुमचा हक्क पूर्ण आणि निर्विवाद होता.

हे सगळे तुम्हाला आणखी वाईट वाटावे म्हणून लिहीत नाही. तुमच्या आजीच्या काळी भाऊ असलेल्या बहिणीकडे कोणी सही मागायला गेले नाही, कारण सोडण्यासारखे तिच्या हाती काही नव्हतेच. तुमच्याकडे मात्र भावाला यावे लागले, मुद्रांक आणावा लागला, साक्षीदार उभे करावे लागले. तुमची मुलगी ज्या कागदाकडे चळवळीच्या पराभवाचा पुरावा म्हणून पाहते, तो कागद करावा लागला हेच मुळात चळवळीचे फळ आहे. फळ तुम्ही घरी नेले नाही, ही गोष्ट वेगळी आणि तिचा विचार वेगळा करायला हवा.

तुम्ही सही का केली, हे तुम्ही पत्रात एका ओळीत आटोपले आहे : “भावाशी वाकडे घ्यायचे नव्हते.” तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात बसत असताना हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकले आहे, की त्यामागचा हिशेब मला आता पाठ झाला आहे. आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, झोका बांधला जातो, गौराईची गाणी होतात, चार दिवस तिला कोणी काम सांगत नाही. हे चार दिवस म्हणजे केवळ सण नव्हे. सासरी काही बरेवाईट झाले तर परत यायला एक दार आहे, याची ती वर्षातून एकदा केलेली खातरजमा असते. ते दार भावाच्या ताब्यात असते आणि हक्कसोड ही त्या दाराची किंमत असते. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते आणि दोघेही त्याला प्रेम म्हणतात. त्यात प्रेम नसते असे मी म्हणणार नाही. पण साडीची किंमत आणि दोन एकर बागायतीची किंमत कोणी शेजारी शेजारी मांडत नाही, कारण तसे मांडणारी बहीण हावरी ठरते.

तुमच्या मुलीला हे ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे, कारण तिला तशा दाराची गरज पडणार नाही अशीच तुम्ही तिला वाढवले. तेव्हा तिला रागाने उत्तर देण्याआधी हा हिशेब सांगा. मात्र त्याच वेळी स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो मी थोडा कठोरपणे विचारते. तुम्हाला पगार होता. परत यायची वेळ आली असती तर तुम्हाला भावाच्या ओसरीची गरज लागली नसती. ज्या बाईला ती गरज आहे तिने सही केली तर ती तिची मजबुरी. तुम्ही केली ती सवय होती, आणि कदाचित गावात ‘स्त्रीमुक्तीवाली’ म्हणून आधीच ऐकून घ्यावे लागत असल्याने माहेरी तरी चांगले म्हणवून घेण्याची ओढही असेल. मुलीचा बोल लागला तो तिथे, असे मला वाटते. तो बोल अन्यायाचा नव्हता. तो सगळ्यांसमोर बोलला गेला एवढीच तिची चूक.

आता कायद्याचे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहज मागे घेता येत नाही. फसवून किंवा दडपणाखाली सही घेतली असेल तर ते रद्द करण्यासाठी दावा लावता येतो, पण ती बाब कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि तुम्ही तर स्वखुशीने केलेली सही आहे असे स्वतःच लिहिता. म्हणून त्या कागदामागे धावू नका. परंतु तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे, जिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही : तुमची आई ऐंशीच्या पुढची आहे, भावाकडे राहते आणि सातबाऱ्यावर भावाबरोबर तिचे नाव आहे. तिने मृत्युपत्र केले नाही, तर तिचा हिस्सा उद्या तुम्हा दोघांकडे सारखा येईल आणि तेव्हा पुन्हा एक कागद तुमच्यापुढे ठेवला जाईल. पहिल्या वेळी तुम्ही विचार केला नव्हता. या वेळी विचार करायला वेळ आहे.

यात तीन वाटा दिसतात. एक, हिस्सा घ्यावा. भावाशी काही काळ अबोला होईल, पुतण्याच्या लग्नात आपल्याकडे पाठ फिरवली जाईल, पण मुलीपुढे आणि गावातल्या इतर बहिणींपुढे एक उदाहरण राहील. दोन, पहिल्यासारखेच सोडून द्यावे. भाऊ खरोखर अडचणीत असेल, आईचे सगळे त्याने आणि भावजयीने केले असेल, तर हाही निर्णय कमीपणाचा नाही, फक्त तो हिशेब मांडून, आकडा समजून घेऊन केलेला असावा. तिसरी वाट क्वचित कोणी घेते, पण मला ती आवडते : सोडायचेच असेल तर भावजयीचे नाव जमिनीला लावून घेण्याच्या बोलीवर सोडावे. तुमच्या आईचे म्हातारपण जी सांभाळते आहे, तिच्या नावावर त्या घरात गुंठाभरही जमीन नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. कोणती वाट धरायची हे तुम्ही ठरवा. पण आई हयात असताना, तिच्यासमोर आणि भावजयीसमोर, सणाचा दिवस सोडून बोला. आखाजीच्या दिवशी झालेले व्यवहार बहिणीच्या फायद्याचे झालेले मी पाहिलेले नाहीत.

मुलीने विचारलेल्या मोठ्या प्रश्नाकडे आता येते. चळवळीने मिळवले काय, असे विचारताना तिच्या मनात एक चित्र असावे : शहरातल्या शिकलेल्या बायकांनी सुरू केलेले काही तरी, जे आपल्या आईपर्यंत पथनाट्यापुरते पोहोचले आणि तिथेच थांबले. तुमच्याही पत्रात “शहरातून आलेले विचार” असा शब्दप्रयोग आहे. मला यावर हरकत घ्यायची आहे, कारण निदान खानदेशापुरते तरी ते खरे नाही. मुंबई-पुण्यात १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने परिषदा भरू लागल्या, त्याच्या आधीच शहाद्याच्या पट्ट्यात भिल्ल शेतमजूर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये. सावकारांच्या आणि मोठ्या जमीनदारांच्या घशात गेलेल्या जमिनी, सालदारांची (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांची) पिळवणूक, यांविरुद्ध आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती यांनी माणसे जोडली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि जमीन-मजुरीच्या त्या लढ्यात पुढे असलेल्या बायकांनी शिबिरांतून आपला स्वतःचा प्रश्न मांडला, की मजुरी वाढली तरी ती दारूत जाते आणि घरी मार तेवढाच राहतो. मग त्यांनी गावोगाव जाऊन गावठी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. घरातला मार हा खासगी मामला नाही, हे तत्त्व त्यांनी कोणत्या ग्रंथात वाचले नव्हते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा संसदेने केला २००५ मध्ये आणि तो लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली तीस-बत्तीस वर्षे मोजा आणि मग कोण कोणाच्या मागून चालले ते मुलीला ठरवू द्या. गावातली बाटली आडवी करण्यासाठी महिला मतदान मागतात, त्या तरतुदीचे मूळही मला त्या फुटलेल्या मडक्यांत दिसते.

दुसरे उदाहरण तुमच्या मुलीच्या कार्यालयातले आहे. नोकरीच्या ठिकाणी छळाची तक्रार करायची झाली तर तिच्या कंपनीत अंतर्गत समिती असते. तिचे नाव तिला नोकरीला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात सांगितले गेले असेल. ती समिती २०१३ च्या कायद्याने आली, कायदा आला सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून, आणि तो निकाल ज्या प्रकरणामुळे लागला ती भंवरीदेवी राजस्थानातल्या भटेरी गावची, कुंभार समाजातली, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणारी बाई होती. गावातला बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. तिला स्वतःला न्याय मिळाला नाही आणि तिच्यामुळे देशभरातल्या कार्यालयांत नियम आला. वातानुकूलित इमारतीत बसून तुमची मुलगी ज्या हक्कावर विसंबते तो तिथपर्यंत खेड्यातून गेलेला आहे, शहरातून खेड्यात आलेला नाही.

एवढे झाल्यावर तुमच्या बाजूचे गृहीतकही तपासायला हवे. मुलीची पिढी क्षुल्लक गोष्टींत अडकली आहे, असे तुम्हाला वाटते. आडनावाचाच प्रश्न घ्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. तुम्ही शिक्षिका आहात. प्रवेशाच्या वहीत हा बदल उद्या शाळांनाच भरून घ्यावा लागणार आहे. वीस वर्षांपूर्वी आईचे नाव लावणाऱ्या मोजक्या मुलामुलींना आपण हौशी म्हणत होतो, मीही म्हणत होते. नवऱ्याने टाकलेल्या बाईला मुलाच्या दाखल्यासाठी ज्या चकरा माराव्या लागत, त्या पाहिल्यावर माझे मत बदलले. नाव हा हौसेचा प्रश्न असतो तो ज्यांचे संसार नीट चालले आहेत त्यांच्यासाठी.

शिवाय ‘हे आता अति झाले’ हे वाक्य आपल्याकडे फार जुने आहे. शेजारच्या बुलढाण्यात बसून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा सुधारक म्हणवणाऱ्यांपैकी काहींनाही ती भाषा फार कडक वाटली. जोतीराव फुल्यांना तिच्या बाजूने लिहावे लागले. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला त्या वेळी केवढे वादळ उठले! ते वय किती होते ते मुलाला सांगा : दहाचे बारा. बारा वर्षांखालच्या मुलीशी, मग ती बायको असली तरी, शरीरसंबंध गुन्हा ठरवणे हे त्या काळच्या पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांना धर्मबुडवे वाटले होते. तेव्हा कोणत्याही पिढीने पुढच्या पिढीला ‘तुमचे अति होते आहे’ असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे, हे बरे. मी स्वतःही थांबायला शिकते आहे. दरवेळी जमत नाही. समाजमाध्यमावर एखाद्याचे नाव टाकून दिवसभरात त्याचा निकाल लावणे मला आजही पटत नाही, आणि आठ मार्चला दागिन्यांवर सवलत देऊन त्याला सन्मान म्हणणे तर मुळीच नाही. पण २०१८ मध्ये ‘मी टू’ म्हणत ज्यांनी उघडपणे आपल्यावरचे प्रसंग लिहिले, त्यांतल्या बहुतेकींनी आधी संबंधितांकडे तक्रार करून पाहिली असणार किंवा करून उपयोग नाही हे शेजारणीच्या अनुभवावरून ओळखले असणार, हेही मला दिसते.

मुलाकडे येते, कारण पत्रात तुम्ही त्याच्यासाठी सर्वांत कमी ओळी दिल्या आहेत आणि मला काळजी त्याचीच अधिक वाटते. दोन ठिकाणी नकार आलेला चोवीस वर्षांचा मुलगा कायद्यावर चिडतो, तेव्हा तो कायद्याबद्दल बोलत नसतो. तरीही कायद्याचे उत्तर द्यायला हवे. सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले, कारण स्टोव्हच्या भडक्यात सुना मरत होत्या आणि त्याला अपघात म्हटले जात होते. त्याचा गैरवापर होतो हे खरे आहे. तो होतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतः म्हटले आणि अशा प्रकरणांत पोलिसांनी कारणे नोंदवल्याशिवाय सरसकट अटक करू नये असे बजावले. म्हणजे कायदा एकीकडे झुकला असे वाटले तेव्हा न्यायालयाने त्याला आवर घातला. कायदे असेच सावरले जातात. चळवळीने थांबावे हे मात्र त्यातून निघत नाही.

लग्न न जमण्याचे म्हणाल तर त्याला आकडे दाखवा. तो जन्मला त्या सुमारास, २००१ च्या जनगणनेत, महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या आणि आपला जळगाव जिल्हा राज्याच्या त्या सरासरीच्याही खाली होता. ज्या मुलींशी त्याच्या वयाच्या मुलांची लग्ने व्हायची, त्यांतल्या कित्येक जन्मालाच आल्या नाहीत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून महाराष्ट्रात ज्यांनी जिवाचे रान केले आणि ज्यांच्यामुळे १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम इथे तो झाला, त्यांत याच चळवळीतल्या बायका होत्या. तेव्हा त्यांचे ऐकले असते तर आज तुमच्या मुलाच्या पिढीला दलालामार्फत परराज्यांतून मुली आणण्याच्या आणि त्यात फसण्याच्या गोष्टी पारावर ऐकाव्या लागल्या नसत्या.

आणि ज्या मुली आहेत त्या शेतकरी मुलगा नको म्हणतात, त्यामागे नुसता पुण्याचा मोह असतो हे मला पटत नाही. त्या मुलींनी आपल्या आयांना पाहिलेले असते. पहाटेचा स्वयंपाक, मग शेत, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि एवढे करून शेत नवऱ्याचे, उत्पन्न नवऱ्याच्या खात्यात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत असल्याचे आढळले आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे निघाली. यातही मेख अशी, की घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एखादाच होते. नकार दिलेल्या मुलीने तुमच्या मुलाला नाकारले नसून हा हिशेब नाकारला असेल. मुलाने बायोडाटात एकरांच्या आकड्याखाली एक ओळ घालून पाहावी, की मला स्वयंपाक येतो आणि पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची माझी तयारी आहे. हसू नका, लग्न जमवणाऱ्या मंडळींना ती ओळ आधी विचित्र वाटेल, पण मुली ती ओळ वाचतील. अर्थात त्याआधी त्याला खरोखर स्वयंपाक यायला हवा आणि तो कोणी शिकवला नाही, हे तुम्ही जाणताच.

यजमान बोलले नाहीत, असे तुम्ही लिहिता. ते सज्जन असावेत. तुमच्या मंडळाच्या कामाला त्यांनी कधी आडकाठी केली नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. पण आडकाठी न करणे म्हणजे साथ देणे नव्हे. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला, त्यात पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. तेही तुमच्या यजमानांसारखेच फारसे न बोलणारे, भाषणे न करणारे शेतकरी होते. पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागू शकते. तुमच्या सात एकरांवर कोणाकोणाची नावे आहेत, हे पत्रात नाही. मुलीच्या प्रश्नाचे एक उत्तर तुमच्या माहेरच्या नव्हे, तुमच्या सासरच्या उताऱ्यात आहे.

एक गोष्ट मी शेवटाकडे ठेवली आहे, कारण ती लिहिताना मला संकोच वाटतो. आखाजीचे मांडे “कामाला येणाऱ्या बाईने करून दिले, तिचा हात फार चांगला आहे,” असे तुम्ही सहज लिहून गेलात. खापरावर मांडा टाकणे किती कष्टाचे असते हे तुम्हाला मी सांगायला नको. चुलीची धग, हातभर पसरलेले पुरण, फाटू न देता उलटायची घाई. तुम्ही आणि मुलगी चळवळीवरून भांडत होता, त्या वेळी ती बाई स्वयंपाकघरात होती. सणाला तिची लेक माहेरी आली होती का? तिला त्या दिवसाची मजुरी वेगळी मिळाली का? वरवर पाहता हे प्रश्न भांडणाशी संबंधित नाहीत, पण तुम्ही मला चळवळीच्या दिशेबद्दल विचारले आहे आणि माझे उत्तर तिथे आहे. तुमच्या पिढीने कायदे मिळवले, मुलीची पिढी ते कायदे वापरते आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये ती बाई आहे, जिच्यापर्यंत कायदा अजून पोहोचलेला नाही. कापूस वेचणीला किलोवर मजुरी घेणारी, केळीच्या बागेत पुरुषापेक्षा कमी रोजावर राबणारी, उसतोडीला टोळीबरोबर जाणारी बाई यांपैकी एकीच्याही कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती नाही. कायद्याने तिच्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती ठेवली आहे. तिचा पत्ता तुमच्या गावात किती जणींना माहीत आहे, ते मंडळात एकदा विचारून पाहा. चळवळ भरकटली असेल तर ती आडनावामुळे नव्हे. तुमच्या-माझ्यासारख्या, बहुतेक करून वरच्या किंवा मधल्या जातींतल्या पगारदार बायकांनी आपले प्रश्न सुटत आले की चळवळ संपत आली असे समजायला सुरुवात केली, तिथे ती भरकटली. दलित आणि आदिवासी कार्यकर्त्या हे किती तरी वर्षांपासून आपल्याला सांगत आल्या आहेत.

लाडकी बहीण योजनेबद्दल तुम्ही जाता जाता विचारले आहे. २०२४ पासून मिळणारे ते महिना पंधराशे रुपये अनेकींच्या स्वतःच्या खात्यात आलेली पहिली रक्कम आहे आणि बँकेत एकटीने जाण्याचे ते पहिले निमित्त आहे; म्हणून मी त्यांना नावे ठेवत नाही. फक्त त्या नावातले नाते मला खटकते. भावाने दिले ते ओवाळणी, मागितले तर हावरेपणा, हा हिशेब आपण मघाशीच पाहिला.

आता भाषणाचे. आमंत्रण जरूर घ्या. सुरुवात सावित्रीबाईंनी करू नका आणि खानदेश आहे म्हणून बहिणाबाईंनीही करू नका. दोघींबद्दल माझा आदर तुमच्याइतकाच आहे, पण त्या मुलींनी ते शाळेपासून दरवर्षी ऐकले आहे आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांचे डोळे मोबाईलकडे वळतील. सुरुवात तुमच्या सहीने करा. तारखा सांगा : १९९३, १९९४, २००५, २०१५. मग त्यांना विचारा, तुमच्यापैकी किती जणींच्या आईचे नाव शेताच्या किंवा घराच्या कागदावर आहे. हात किती वर होतात ते मोजा आणि तो आकडा फळ्यावर लिहून ठेवा. साध्य आणि दिशा या दोन्हींवर बोलण्यासाठी तेवढा पुरेल. शक्य असेल तर हक्कसोडपत्राचा कोरा नमुना वाचून दाखवा. ‘कोणत्याही मोबदल्याशिवाय, स्वखुशीने, राजीखुशीने’ ही त्यातली भाषा त्यांनी सही करायची वेळ येण्यापूर्वी एकदा कानांनी ऐकलेली असावी. मुलगेही सभागृहात असतील अशी व्यवस्था करायला आयोजकांना सांगा, कारण सही मागायला उद्या तेच जाणार आहेत.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचक भगिनींनी एवढे करावे : सण, बारसे, तेरावे अशा प्रसंगी कोणत्याही कागदावर सही करू नये, कागद घरी आणून निवांत वाचावा, दोन दिवस मागावेत, वडील गेल्यावर वारसनोंदीच्या अर्जात आपले नाव आहे की नाही ते तलाठ्याकडे स्वतः पाहावे, कारण नाव वगळून फेरफार होऊन गेला की पुढचे सगळे लांबते, आणि ‘तोंडी सोडला’ या शब्दावर विसंबून भाऊ पुढे जात असेल, तर जमिनीतला हक्क तोंडी सुटत नाही हे शांतपणे सांगावे. सोडायचा की घ्यायचा, हा निर्णय त्यानंतरचा.

मुलीला फोन कराल तेव्हा माफी मागू नका आणि तिच्याकडूनही ती मागून घेऊ नका. आजीच्या हिश्शाबद्दल काय करावे असे तुला वाटते, एवढेच विचारा. तिचे उत्तर तुम्हाला पटेलच असे नाही. भावाशी बोलायला जाताना मात्र तिला बरोबर नेऊ नका, तो लगेच म्हणेल की पोरीने शिकवून पाठवले. आणि माहेरच्या गटाचा व तुमच्या सात एकरांचा असे दोन्ही ताजे उतारे पुढच्या आखाजीच्या पुष्कळ आधी काढून ठेवा. ते काढायला मुलाला सांगा. दोन्हींवर कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, हे त्यानेच घरात वाचून दाखवावे.